पहिल्या धारेची

गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये मी भाच्याकडे अमेरिकेत गेलो होतो. तो पिट्सबर्गला असतो. एका शनिवारी त्याने मला शहरापासून तासाभराच्या अंतरावरच्या एका छोट्या आसवनीत नेले. "मामा, वीस वर्षं तू अबकारीची कागदपत्रं वाचतोयस. एकदा भट्टी तरी डोळ्यांनी बघ," असे त्याचे म्हणणे. धान्याच्या जुन्या कोठारात थाटलेली ती आसवनी एक नवरा-बायको चालवतात. आतला फेरफटका संपल्यावर मालकाने फळीवर एक छोटा, तोंडाशी निमुळता होणारा पेला ठेवला आणि त्यात बोटभर व्हिस्की ओतली. ती पाण्यासारखी स्वच्छ होती. राय नावाच्या धान्यापासून काढलेली, लाकडी पिंपात न मुरवलेली व्हिस्की.

मी पेला उचलला नाही. भाच्याला कारण ठाऊक होते, त्यामुळे तो गप्प राहिला. मालकाला वाटले, पाहुणे पीत नसावेत. तसे नव्हते. लग्नकार्यात, मित्रांत बसून मी सोनेरी रंगाची व्हिस्की घेतलेली आहे. पण बिनरंगाची दारू आमच्या घरात १९७९ पासून कोणी तोंडाला लावलेली नाही.

उरणजवळ माझे आजोळ. तिथे खाडीकाठी एक विधवा बाई हातभट्टी लावायची. काळा गूळ, नवसागर आणि मडकी, एवढाच तिचा संसार. त्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस एका संध्याकाळी माझा मामा आणि त्याचे तीन सोबती तिच्याकडे प्यायले. दुसऱ्या दिवशी दुपारी मामा आईला म्हणाला, "ताई, डोळ्यांपुढे दूध सांडल्यासारखं दिसतंय." चौघांपैकी दोघे दगावले. एक वाचला. मामाही वाचला, पण त्याची दृष्टी गेली ती कायमची. तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. गावाने त्या बाईची भट्टी फोडली, मडकी खाडीत टाकली. दोन मुले घेऊन ती गाव सोडून गेली. पुढे तिचे काय झाले, हे कोणी विचारले नाही.

गावात त्या वेळी जे बोलले गेले ते असे: भट्टीतून येणारी पहिली धार विषारी असते, ती फेकून द्यायची असते; या बाईने लोभापायी ती विकली. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. हे वाक्य माझ्या मनात इतके पक्के बसले की, सात-आठ वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात कोकणातल्या अबकारीवर लेख लिहिताना मी तेच शास्त्रीय सत्य म्हणून लिहून टाकले. मी विमा कचेरीतला कारकून. संशोधनाचे रीतसर शिक्षण नाही. जे काही शिकलो ते गॅझेटियरे आणि जुने अहवाल वाचून. रसायनशास्त्र तपासून पाहावे, असे तेव्हा सुचले नाही. त्या लेखातली चूक दुरुस्त करण्यासाठी हा लेख लिहीत आहे. ती चूक लक्षात आली ती त्या पेल्यामुळे.

राय, राई नव्हे

आधी धान्याची ओळख. राई म्हणजे आपली मोहरी. राय हे वेगळे धान्य, गव्हाच्या नात्यातले. दाणा लांबट, करडा-हिरवट. निकृष्ट जमिनीत आणि कडक थंडीत, जिथे गहू हात टेकतो तिथे राय तग धरते. जर्मनी, पोलंड, रशिया या भागांतली काळी पाव-रोटी हिचीच. अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियात आलेल्या जर्मन शेतकऱ्यांना हे धान्य पिकवण्याची सवय होती, आणि त्यांच्या शेजारी येऊन वसलेल्या स्कॉच-आयरिश लोकांना धान्यापासून दारू गाळण्याची. अमेरिकेची राय व्हिस्की या शेजारातून वाढली.

दारू होण्यासाठी साखर लागते. काळ्या गुळात ती तयार असते, म्हणून हातभट्टीवाल्याचे काम सोपे. धान्यात मात्र साखर नसते, स्टार्च असतो. तो फोडायला मोड आणून वाळवलेले जव वापरतात. मोड येताना जवाच्या दाण्यात एक विकर तयार होते, ते स्टार्चची साखर करते. आपल्याकडे नाचणीला मोड आणून सत्त्व करतात, त्यामागचे तत्त्व हेच. ही आसवनी पाच भाग धान्यात चार भाग राय आणि एक भाग मोडाचे जव घेते. धान्य भरडून गरम पाण्यात शिजवायचे, साधारण ६५ अंश सेल्सिअसला आणून जव मिसळायचे, मग थंड करून यीस्ट घालायचे. चार-पाच दिवसांत आठ टक्क्यांच्या आसपास मद्यार्क असलेले आंबवण तयार होते.

सांगायला सोपे, पण राय हे छळणारे धान्य आहे. तिच्या कोंड्यात आणि पेशींच्या भिंतीत एक प्रकारचे चिकट तंतू असतात, ते पाणी धरून ठेवतात. मालकीणबाईंनी टाकीचे झाकण उघडून काठी फिरवून दाखवली. भेंडीच्या भाजीला सुटावी तशी तार सुटत होती. शिवाय आंबताना फेस इतका येतो की, टाकी काठोकाठ भरता येत नाही. मका स्वस्त आणि निमूटपणे वागणारा. तरीही हे लोक राय का घेतात, याचे उत्तर याच चिकट भिंतीत आहे. तिला फेरुलिक आम्ल जोडलेले असते. आंबताना काही यीस्ट त्याचे रूपांतर लवंगेसारखा वास असलेल्या एका संयुगात करतात. राय व्हिस्कीला मसालेदार म्हणतात त्याचे एक मूळ इथे आहे. त्यात वरून मसाला काही घातलेला नसतो.

तीन बाटल्या

आंबवण दोनदा गाळले जाते. भांडे तांब्याचे, आंघोळीच्या जुन्या बंबाची आठवण यावी असे, फक्त माणसाहून उंच. तांबे केवळ परंपरा म्हणून नाही. आंबवणात तयार होणारी गंधकाची दुर्गंधी संयुगे ते धरून ठेवते. पहिल्या गाळणीत पंचवीस-तीस टक्क्यांचा गढूळ रस निघतो. दुसऱ्या गाळणीत खरे कौशल्य लागते.

दुसऱ्या गाळणीत नळीतून जे येते ते सारखे नसते. अधिक उडून जाणारी द्रव्ये आधी येतात, जड द्रव्ये मागून. गाळणारा त्याचे तीन भाग करतो: डोके, काळीज आणि शेपूट. काळीज तेवढे प्यायचे. कुठे थांबायचे आणि कुठे पुन्हा तोडायचे, हे तो मुख्यतः नाकाने ठरवतो. मालकाने तिन्ही भागांच्या बाटल्या माझ्यापुढे ठेवल्या. तिन्ही सारख्याच, पाण्यासारख्या.

पहिलीचा वास घेतला. नखांचा रंग काढायचे द्रव आणि त्यामागे पिकून उतरलेले सफरचंद. त्यात एसिटाल्डिहाइड आणि इथिल एसिटेट जास्त, असे त्याने सांगितले. दुसरीचा वास गोड, धान्याचा. तिसरी नाकाशी नेली आणि पावसाळ्यात भिजलेल्या बारदानाची आठवण झाली. त्यात फ्युझेल तेले म्हणून ओळखले जाणारे जड मद्यार्क आणि मेदाम्ले असतात. थोडी शेपूट आत आली तर व्हिस्कीला अंग येते, जास्त आली तर ती बिघडते.

मराठीत "पहिल्या धारेची" हे कौतुकाचे विशेषण आहे. पहिल्या धारेची म्हणजे कडक, अस्सल, पाणी न घातलेली. माणसाच्या रागालाही आपण पहिल्या धारेचा म्हणतो. इथे तर पहिली धार वेगळ्या डब्यात जात होती, आणि तो डबा मालक शेगडी पेटवायला, काचा पुसायला वापरत होता. गावात बोलले गेले ते मग खरेच होते, असे मला वाटले. मी विचारले, "म्हणजे डोळे घालवणारे मिथेनॉल या पहिल्या बाटलीत आहे?"

तो हसला नाही. हा प्रश्न त्याला नेहमीचा असावा. म्हणाला, "नाही. यात मिथेनॉल नावालाच आहे, आणि तिन्ही बाटल्यांत आहे. धान्यातून ते फारसे तयारच होत नाही. ही पहिली बाटली प्यायलात तर डोके दुखेल, उलटी होईल, पण आंधळे होणार नाही."

परत आल्यावर दोन आठवडे मी याच विषयावर वाचत होतो. तो म्हणाला ते बरोबर आहे. आंबवणात मिथेनॉल मुख्यतः पेक्टिनपासून येते. पेक्टिन फळांत भरपूर असते. जॅम घट्ट होतो तो त्याच्यामुळे. म्हणून फळांच्या दारूत मिथेनॉल थोडे अधिक असते. धान्यात पेक्टिन अगदी कमी, उसाच्या गुळातही तसेच. दुसरी गोष्ट, मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळते आणि इथेनॉल ७८.४ अंशांना, म्हणून ते आधी निघून जाईल, हा तर्क कागदावर बरोबर वाटतो. पण भांड्यात ते सुटे नसते. पाणी आणि इथेनॉल यांच्यात मिसळलेले असते आणि पाण्याला धरून राहते. त्यामुळे साध्या भट्टीत ते पहिल्या धारेपासून शेवटच्या धारेपर्यंत थोडे थोडे येत राहते. पहिली धार फेकल्याने चव सुधारते, मिथेनॉल जात नाही. आणि मुळात फारसे नसेल तर पहिली धार विकल्याने कोणाचे डोळेही जात नाहीत.

म्हणजे मी लिहिलेले चूक होते. मग मामाचे डोळे कशाने गेले?

पेला

त्या दिवशी हा प्रश्न मनात ठेवूनच मी पेला उचलला. कसा प्यायलो ते सांगतो, कारण चव हाच इथे पुरावा आहे.

पेल्यातली व्हिस्की पन्नास टक्क्यांची होती. नाक पेल्यात खुपसायचे नाही, नाहीतर मद्यार्काचा झोत बसतो आणि पुढचे काही कळत नाही. पेला हनुवटीपाशी धरायचा, तोंड किंचित उघडे ठेवायचे आणि वास हळूहळू वर येऊ द्यायचा. पहिला वास आला तो आंबोळीच्या पिठाचा, रात्रभर ठेवून सकाळी झाकण उघडल्यावर येतो तो. मग ओले गवत. मग लवंग आणि मिरी. अगदी शेवटी बडीशेपेसारखा गोडसर थंडावा.

पहिला घोट फक्त तोंडाला सवय व्हावी म्हणून. दुसऱ्या घोटात चव आली: जिभेच्या टोकावर गोडी, मध्यावर कच्च्या धान्याचा तुरटपणा, घशाशी मिरीची झणझण. व्हॅनिला नाही, कॅरॅमल नाही, धूर नाही. सोनेरी व्हिस्कीत आपण जे चाखतो त्यातले निम्मे इथे नव्हतेच, कारण ते लाकडाचे असते.

मग त्याने थेंबाथेंबाने पाणी घालायला सांगितले. चार-पाच थेंबांतच लवंगेचा वास पुढे आला. यामागे शास्त्र आहे. २०१७ मध्ये स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या कार्लसन आणि फ्रीडमन या दोघांनी संगणकावर रेणूंच्या हालचाली तपासून दाखवले की, ग्वायकॉल हे व्हिस्कीतले एक सुगंधी संयुग कडक मद्यार्कात आत दडून राहते आणि मद्यार्काचे प्रमाण उतरले की पृष्ठभागाकडे येते. पृष्ठभागावर असेल तेच नाकाला कळणार. लवंगेच्या वासाचे संयुग याच कुळातले.

बाजूलाच त्याने त्याच व्हिस्कीचा दुसरा पेला ठेवला, दोनशे लिटरच्या ओकच्या पिंपात तीन वर्षे मुरलेला. पिंपाची आतली बाजू जाळून कोळसा केलेली असते. कोळसा उग्र वास शोषून घेतो, त्यामागचे लाकूड रंग, व्हॅनिला आणि तुरटपणा देते. हवेशी हळूहळू होणाऱ्या क्रियेने कडा बोथट होतात. या मुरलेल्या पेल्याची चव सुखाची होती, हे मान्य केले पाहिजे. पण राय शोधावी लागत होती. बिनरंगाच्या पेल्यात ती समोर उभी होती.

अमेरिकी कायद्याची एक गंमतही तिथे कळली. राय व्हिस्की म्हणायला निदान ५१ टक्के राय हवी, गाळताना मद्यार्क ८० टक्क्यांवर जाता कामा नये आणि ती जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात ठेवलेली हवी. किती काळ, हे मात्र कायद्यात नाही. "स्ट्रेट" म्हणवून घ्यायला दोन वर्षे लागतात, नुसत्या राय व्हिस्कीला एक दिवसही चालतो. त्यामुळे काही छोटे आसवनीवाले सकाळी पिंपात ओततात आणि रंग चढायच्या आत काढून घेतात. गरज पैशाची असते. नवी आसवनी उभी करायची, पिंपे विकत घ्यायची आणि मग तीन-चार वर्षे काही न विकता बसायचे, हे कर्ज काढलेल्या माणसाला झेपत नाही. आज अमेरिकेत दोन हजारांहून अधिक छोट्या आसवन्या आहेत. त्यांतल्या अनेकींनी पहिली वर्षे अशा बिनरंगाच्या मालावर काढली.

जेव्हा सगळीच बिनरंगाची होती

ही पळवाट नवी असली तरी बिनरंगाची व्हिस्की नवी नाही. ज्या टेकड्यांतून आम्ही गेलो त्या मोनोंगाहेला नदीच्या खोऱ्यात दोनशे-सव्वादोनशे वर्षांपूर्वी बहुतेक राय अशीच, भट्टीतून निघाली की विकली जायची. शेतकऱ्यापुढे अडचण वाहतुकीची होती. पूर्वेकडची बाजारपेठ ॲलेघेनी पर्वताच्या पलीकडे, मध्ये फक्त घोडवाटा. घोड्याच्या पाठीवर लादलेले धान्य पोचेपर्यंत त्याची किंमत वाहतुकीतच जायची. तेच धान्य गाळले की ओझे कित्येक पटींनी कमी, आणि ते नासतही नाही. रोकड दुर्मीळ असल्यामुळे मजुरी आणि उधारीही व्हिस्कीत चुकती व्हायची.

१७९१ मध्ये अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी याच व्हिस्कीवर कर बसवला. तो रोखीत भरायचा होता आणि त्याची रचना मोठ्या आसवन्यांना सोयीची होती. वर्षाचा ठोक कर भरून जास्त माल काढणाऱ्याला गॅलनमागे कमी पडायचा. शेतावर हंगामापुरती भट्टी लावणाऱ्याला जास्त. जुलै १७९४ मध्ये पिट्सबर्गजवळ कर-निरीक्षक जॉन नेव्हिल यांचे घर जाळले गेले. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी सुमारे तेरा हजारांचे लष्कर गोळा केले. लढाई अशी झालीच नाही; बंड विरले. हा कर पुढे १८०२ मध्ये रद्द झाला.

यातला विरोधाभास असा की, निवृत्त झाल्यावर वॉशिंग्टन स्वतःच आसवनीवाले झाले. जेम्स अँडरसन या स्कॉटिश व्यवस्थापकाच्या सल्ल्याने त्यांनी १७९७ मध्ये व्हर्जिनियातल्या माउंट व्हर्नन या आपल्या जहागिरीत भट्टी सुरू केली. पाच तांब्याची भांडी, ६० टक्के राय, ३५ टक्के मका, ५ टक्के मोडाचे जव. १७९९ मध्ये तिथे सुमारे अकरा हजार गॅलन, म्हणजे चाळीस हजार लिटरांहून अधिक व्हिस्की निघाली. ती मुरवलेली नव्हती. ती जागा उत्खनन करून पुन्हा बांधली आहे आणि २००७ पासून लोकांसाठी खुली आहे. परतीच्या वाटेवर मी हट्टाने तिथे गेलो. भट्टीवर हॅन्सन, पीटर, नॅट, डॅनियल, जेम्स आणि टिमोथी हे सहा गुलाम राबत होते. त्यांची फक्त नावे उरली आहेत, आडनावे नाहीत. अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षाच्या नावावर विकली गेलेली व्हिस्की ज्यांनी गाळली त्यांच्या मालकीचा तिच्यातला एक थेंबही नव्हता. गाळणारा एक आणि नाव दुसऱ्याचे, ही या धंद्यातली जुनीच रीत.

मुरवलेली, रंगीत व्हिस्की हळूहळू एकोणिसाव्या शतकात प्रतिष्ठेची झाली. रंगाला भाव येताच रंगाची नक्कलही सुरू झाली: स्वस्त मद्यार्कात रंग आणि अर्क मिसळून जुनी व्हिस्की म्हणून विकायची. शेवटी १८९७ मध्ये कायदा करावा लागला की, सरकारी देखरेखीखालच्या गोदामात चार वर्षे मुरलेल्या व्हिस्कीलाच सरकारी हमीची मोहर मिळेल. तेव्हा रंग ही शुद्धतेची खूण आहे, असे मानायचे कारण तिकडेही नाही.

इकडे तर नाहीच. आपल्याकडची स्वस्त "विदेशी" व्हिस्की आणि "देशी" दारू या दोन्हींचा पाया पुष्कळदा एकच असतो: साखर कारखान्याच्या मळीपासून काढलेला मद्यार्क. एकीत कॅरॅमलचा रंग, दुसरीत संत्र्याचा वास. दुकान वेगळे, किंमत वेगळी, गिऱ्हाइकाची इभ्रतही वेगळी.

विष कुठून आले

मिथेनॉलच्या प्रश्नाचे उत्तरही अमेरिकेच्या इतिहासात सापडते. १९२० ते १९३३ या काळात तिथे दारूबंदी होती. रंग, औषधे, वार्निश यांच्या कारखान्यांना मद्यार्क लागतो, म्हणून तो चालू ठेवला होता. पण कोणी पिऊ नये यासाठी त्यात सरकारी नियमानेच मिथेनॉल आणि इतर विषारी द्रव्ये मिसळली जात. चोरटे व्यापारी तो पळवून, जमेल तेवढा शुद्ध करून विकत. १९२६ च्या नाताळात न्यू यॉर्कच्या रुग्णालयांत विषबाधेचे रुग्ण ओळीने येऊ लागले. शहराचे मुख्य वैद्यकीय परीक्षक चार्ल्स नॉरिस आणि त्यांचे रसायनतज्ज्ञ अलेक्झांडर गेटलर यांनी मृतांच्या तपासण्या करून हा मद्यार्क कारखान्यांचा आहे, हे जाहीरपणे मांडले आणि सरकारला जबाबदार धरले. तरीही पुढच्या वर्षी मिथेनॉलचे प्रमाण वाढवले गेले. डोंगरातल्या भट्ट्या निर्दोष होत्या असे नाही. कोणी मोटारीचा रेडिएटर थंड करायच्या नळीऐवजी वापरायचे आणि त्यातले शिसे दारूत उतरायचे. पण आंधळे करणारे मिथेनॉल आले ते कारखान्याच्या पिंपातून.

मिथेनॉल स्वतः फार विषारी नसते. यकृतात त्याचे आधी फॉर्मल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल होते. हे आम्ल पेशींचा श्वास कोंडते, आणि दृष्टीची नस त्याला फार लवकर बळी पडते. दहा मिलिलिटर मिथेनॉलनेही दृष्टी जाऊ शकते. म्हणूनच मधे काही तास माणूस बरा दिसतो आणि मग डोळ्यांपुढे दूध सांडते. भट्टीवर दारू पेटवून निळी ज्योत पाहायची पद्धत आहे. तिचा इथे उपयोग नाही, कारण मिथेनॉलही निळसर ज्योतीनेच जळते. २०१५ च्या जूनमध्ये मालवणीत शंभरावर माणसे गेली, ती मिथेनॉलनेच.

हे सगळे वाचत असताना मला मामाचे एक वाक्य आठवले. तो २००३ पर्यंत जगला. चाचपडत काथ्याचा दोर वळायचा. त्या संध्याकाळविषयी क्वचित बोलायचा, बोलला की एकच गोष्ट सांगायचा: "त्या दिवशीची पहिल्या धारेची नव्हतीच रे. तिला वासच नव्हता." आम्ही ते दुर्लक्षिले. आंधळ्या झालेल्या माणसाची बडबड, असेच आम्हाला वाटायचे.

आता ते वाक्य मला साक्षीसारखे वाटते. काळ्या गुळाच्या हातभट्टीला उग्र वास असतो. तो दोन घरे सोडून कळतो. भट्टीतून जे निघते त्याला त्याच्या मालाचा वास असणारच. रायच्या पेल्यात मला राय भेटली ती त्यामुळेच. ज्या दारूला वास नाही ती त्या मडक्यात शिजलेली नाही, किंवा निदान तिच्यात बाहेरून आणलेला मद्यार्क भरपूर मिसळलेला आहे. तो बाईने मिसळला, की तिला माल पुरवणाऱ्याने, की तिलाही तो नुसता "स्पिरिट" म्हणून विकला गेला, हे सांगायला आता कोणी उरलेले नाही. पण पहिली धार लोभापायी विकली म्हणून विष झाले, हा तिच्यावर गावाने ठेवलेला आणि पुढे मी छापून पक्का केलेला आरोप रसायनशास्त्रात टिकत नाही.

ज्या अहवालांवर मी वीस वर्षे घालवली त्यांकडेही आता वेगळ्या नजरेने पाहावे लागते. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने माडीच्या झाडावरचा कर, गाळण्याचा परवाना आणि विक्रीचा मक्ता हे सारे सरकारच्या मुठीत आणले. १८९२ च्या कायद्याने ठाणे आणि कुलाब्यात मोहाची फुले गोळा करण्यावरही बंधने आली. भंडाऱ्याची माडी आणि आदिवासीची मोहाची दारू "बेकायदा" झाली, आणि उरणच्या मोठ्या भट्ट्यांतला माल "सरकारमान्य". हॅमिल्टन यांच्या कराप्रमाणे इथेही मोठ्याला सोय आणि लहान्याला फास. सरकारी लिखाणात लहान गाळणारा हा कायम अस्वच्छ, लबाड, धोकादायक असा येतो. त्या भाषेत मी इतकी वर्षे मुरलो होतो की, खाडीकाठच्या बाईबद्दल मला दुसरे काही सुचलेच नाही.

याचा अर्थ हातभट्टी निर्धोक आहे, असा कोणी काढू नये. घरी गाळणे तिकडेही गुन्हा आहे आणि इकडेही. शुद्ध मद्यार्कही संसार मोडतो, यकृत संपवतो. मला म्हणायचे आहे ते एवढेच: विषाचा माग काढायचा तर भट्टीपाशी थांबून चालणार नाही. कारखान्यातून मिथेनॉलचे पिंप कोणी बाहेर काढले, कोणाच्या गाडीतून आले, कोणी डोळेझाक केली, इथपर्यंत जावे लागते. मडकी फोडणे सोपे असते, म्हणून ती फुटतात.

त्या आसवनीतून निघताना मालकाने बाटली दाखवली. चिठ्ठीवर धान्य कोणत्या शेतातले, कोणत्या महिन्यात गाळले आणि गाळणाऱ्याची सही, एवढे छापले होते. भाचा म्हणाला, "मामा, घेऊन जायची का एक?" मी नको म्हणालो. आईच्या घरात ती ठेवली नसती. आई आता शहाऐंशीची आहे. परतल्यावर तिला मी सगळे सांगितले, मिथेनॉल, पेक्टिन, पहिली धार, सगळे. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या बाईची धाकटी मुलगी माझ्या मांडीवर खेळायची रे."

त्या मुलीचा शोध मी सुरू केला आहे. ती असली तर माझ्याच वयाच्या आसपासची असेल. तिच्या आईबद्दल मी जे छापले ते चूक होते, हे तिला कोणीतरी सांगितले पाहिजे. तोवर ते इथे, ज्या दिवाळी अंकांच्या वाचकांपुढे मी ती चूक केली त्यांच्यापुढे नोंदवून ठेवतो.